घोडा पळाला तर

नांदेड, १२ नोव्हेंबर २०१७

चि. राघवेंद्र,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या-माझ्या भांडणावर अवलंबून नाहीत.

आई पत्र का लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. काल जितक्यांदा फोन केलास तितक्यांदा माझं बोलणं "आई, तू मधे पडू नकोस" इथंच तुटलं. पत्र मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

तर मृण्मयी माझ्याकडं आहे. शुक्रवारी दुपारी लातूरहून एस्टीनं आली. खांद्याला एक पिशवी, बस्स. दारात उभी राहून म्हणाली, "आजी, मी आले." मी म्हटलं, "ये." वसतिगृहाच्या बाईंना मीच फोन करून कळवलं की पोरगी सुखरूप आहे. त्या म्हणाल्या, "रविवारची टेस्ट बुडेल." मी म्हटलं, "बुडू द्या."

तुझा हुकूम असा की उद्या सोमवारी सकाळच्या गाडीत तिला परत बसवून द्यावं. मी बसवून देणार नाही. हे रागानं लिहीत नाही. चहा पिऊन, चष्मा पुसून, शांतपणे लिहिते आहे.

तिची काळजी करू नकोस. जेवते, झोपते. आज न्हाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं. केस चांगले आहेत तिचे, आईवर गेलेत, राजश्रीसारखे दाट.

संध्याकाळी तिनं तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरवरचा अभ्रा काढला. ते निवृत्त झाले तेव्हा तूच घेऊन दिला होतास. त्यावर ते पत्ते खेळायचे आणि मला सांगायचे की पाटबंधारे खात्याच्या आठवणी टाइप करून राहिलोय. ते गेल्यापासून मी त्याला हात लावला नाही. मृण्मयी त्याच्याकडं बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आजी, ह्याच्यावर गेम चालेल का गं?"

आल्यापासून तिनं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट. म्हणून तुला कळवते.

तुझी आई

नांदेड, १६ नोव्हेंबर

चि. राघवेंद्र,

पत्राला तू मोबाइलवरून उत्तर दिलंस. हरकत नाही. मी मात्र कागदावरच लिहिणार.

तू लिहितोस, "आई, ते मशीन भंगार आहे. मीच घेतलंय, मला माहीत आहे. ती तुला गुंडाळते आहे. तो गेम त्याच्यावर नीट चालला तर खुशाल ठेव तिला तुझ्याकडे. सव्वीस तारखेपर्यंत नाही चालला तर ती लातूरला. आणि मग तू एक शब्द बोलायचा नाहीस."

हे तू चिडून लिहिलंस. मी मात्र दोनदा वाचलं. पैज मान्य आहे. राजश्रीलाही सांगून ठेव, साक्षीदार असू दे.

तू कॉम्प्युटरचा इंजिनिअर आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली विज्ञानाची बाई, म्हणून तुला हसू येत असेल. ये. पण मी आयुष्यभर पोरांना एकच शिकवलं. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, करून बघायचं. मग सांगणारा आपला मुलगा का असेना.

आता खेळ कोणता ते ऐक. मृण्मयीच्या पिशवीत दोन ड्रेस होते, टॉवेल होता आणि एका जाड डबीत त्या खेळाची तबकडी होती. ती तिनं पुण्यात असताना खाऊच्या पैशांतून घेतली होती. लातूरला कॉम्प्युटर नाही, मोबाइलही तू काढून घेतलेला, तरी ही डबी तिनं वर्षभर फिजिक्सच्या पुस्तकांखाली लपवून ठेवली. खेळता येत नव्हतं, म्हणून आतली माहितीपुस्तिका वाचायची. त्यात एक मुलगी आहे. तिच्याकडं एक घोडा आहे. डोंगर, नद्या, ओसाड किल्ले असा मोठा मुलूख आहे आणि ती त्यातून जाते.

मी विचारलं, "कुठं जाते?"

"तिला वाटेल तिकडं."

"आणि मग शेवटी काय मिळतं?"

"काही नाही. शेवट नाहीच असं म्हणतात."

"मग बाई, हे खेळून काय होणार?"

ती म्हणाली, "काहीच होणार नाही, आजी. म्हणूनच खेळायचंय."

राघवेंद्र, ह्यावर तुला उत्तर सुचलं तर कळव.

डबीच्या पाठीमागं बारीक अक्षरात लिहिलंय की मशीन कसं असलं पाहिजे. आम्ही ते भिंग लावून वाचलं आणि आपलं मशीन काय आहे ते पडद्यावर उघडून बघितलं. प्रोसेसर जेमतेम बसतो. हार्डडिस्कवर जागा भरपूर आहे. रॅम मात्र निम्मीच. आणि खेळाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आपल्याकडं ते मुळातच नाही. मला रॅम समजेना. मृण्मयीनं दोनदा समजावलं, मग मीच माझ्यापुरतं बसवलं. हार्डडिस्क म्हणजे फडताळ आणि रॅम म्हणजे ओटा. फडताळात डबे किती का असेनात, ओट्यावर परात मांडायला जागा नसेल तर पंगतीचा स्वैपाक होत नाही. ती हसली. "हे आमच्या सरांपेक्षा बरं आहे," म्हणाली.

हसली, हे अधोरेखित करून वाच.

तुझी आई

नांदेड, २१ नोव्हेंबर

चि. राघवेंद्र,

तुझं मशीन एकदा चाललं, मग चालूच होईना. बटण दाबलं की नुसतं ओरडायचं. मृण्मयीनं बाजूचा पत्रा काढला. आत इतकी धूळ की त्यात गहू पेरले असते. पंख्याच्या मागं पालीचा सांगाडा होता, तो मी चिमट्यानं काढला. रंगाच्या जुन्या ब्रशनं सगळं झाडलं. रॅमची पट्टी काढून तिनं खोडरबरानं घासली, परत बसवली, आणि मशीन सुरू झालं. तारीख दाखवत होतं २००९ ची. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, वर्ष चांगलं होतं, राहू दे तसंच.

मग वजिराबादला श्रीमंतच्या दुकानात गेलो. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, कंधारकडचा आहे. बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. त्यानं मशीन उलटंपालटं करून बघितलं.

"मावशी, लई दिस झाकून ठिवलंत की ह्याला."

"गेम चालेल का तेवढं सांगा."

"चालंल? पळंल म्हना. एक जुनं कार्ड हाय माज्याकडं, दमदार. रॅमची पट्टी बी टाकून देतो एक. न्हाई पळालं तर नाव बदलीन."

मृण्मयीनं हळूच विचारलं, "पण दादा, ह्याच्या पॉवर सप्लायला एवढं कार्ड झेपेल का?"

"झेपतंय की ताई. खामखा घोर लावून घेऊ नका."

घरी आणलं. कार्ड बसवलं, तारा जोडल्या, बटण दाबलं. फट्ट! ठिणगी उडाली, जळका वास सुटला आणि सगळ्या घरातली लाइट गेली. शेजारचे अमृतराव पायात चप्पल न घालता धावत आले. मी अंधारात उभी राहून मनात म्हटलं, राघवेंद्र जिंकला. एवढ्यात मृण्मयीचा आवाज आला, "आजी, पॉवर सप्लाय गेला. बाकी काही नसेल गेलं."

आवाज रडका नव्हता. ती काडेपेटी शोधत होती.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत म्हणाला, "मावशी, तुमच्या घरच्या लाइटीतच गडबड हाय." मी त्याच्याशी भांडले. चांगलं खणखणीत भांडले, दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर जाऊन उभं राहिलं. शेवटी त्यानं दुसरा, जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय बसवून दिला. नाव मात्र बदललं नाही.

मशीन आता सुरू होतं आणि जळत नाही. खेळ अजून टाकलेला नाही. मधे एक काम निघालंय, उद्या मी लातूरला चाललेय. मृण्मयीचं सामान आणायला. तिला नेत नाही. अमृतरावांच्या सूनबाई तिच्या सोबतीला आहेत.

तुझी आई

नांदेड, २४ नोव्हेंबर

चि. राघवेंद्र,

हे पत्र घरात एकट्यानं वाच. राजश्रीला नंतर दाखव, पण दाखव.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की तिचे केस चांगले आहेत. ते खोटं होतं. त्या दिवशी तेल लावताना उजव्या कानामागं माझी बोटं थांबली. तिथं केस नाहीत. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी जागा गुळगुळीत आहे. मी विचारलं, "हे गं काय?" तर म्हणाली, "उपटते मी. टेस्टच्या वेळी. कळत नाही मला, हात आपोआप जातो." वरून वेणी अशी घालते की दिसू नये. दिवाळीत तुमच्याकडं चार दिवस होती. तुम्हाला दिसलं नाही. मी दोष देत नाही, मलाही तेल लावलं नसतं तर दिसलं नसतं.

पत्रात लिहिलं नाही, कारण मला वाटलं तू लगेच गाडी काढशील, आणि तेव्हा ती कुणाला तोंड दाखवायच्या तयारीत नव्हती. आता सांगते.

लातूरला मी तिची खोली पाहिली. चार मुली एका खोलीत. खिडकीच्या काचांना बाहेरचं दिसू नये म्हणून रंग दिलाय, लक्ष विचलित होतं म्हणे. जिन्यात मार्कांचा तक्ता लावतात आणि वर्गात त्याच क्रमानं बसवतात. मृण्मयी वर्षाच्या सुरुवातीला पुढच्या बाकावर होती. दिवाळीनंतर मागच्या भिंतीला टेकली होती. तिच्या खोलीतली सुकन्या, देवणीकडची शेतकऱ्याची पोरगी, तिचं सामान भरायला मला मदत करत होती. ती म्हणाली, "आजी, मृण्मयी जायच्या आदी पंधरा दिस बोलतच नव्हती. पुस्तक उघडायची अन् तेच पान. मी म्हनायची, अगं पलट की. तर म्हनली, मला अक्षरं दिसू लालीत पन वाचता येईना."

तुला क्लासवाल्यांनी कळवलं होतं ना, की मुलीचं लक्ष नाही? त्यावर तू काय केलंस? मोबाइल काढून घेतलास.

इथल्या डॉक्टरांना दाखवलंय. मनाचे डॉक्टर आहेत, बाई आहेत, चांगल्या आहेत. त्यांनी औषध दिलंय आणि स्पष्ट सांगितलंय की ह्या वर्षी परीक्षेचं नाव काढायचं नाही. मी विचारलं, खेळ खेळू द्यावा का? त्या म्हणाल्या, तिला काहीतरी करावंसं वाटतंय हेच मोठं आहे.

आता तुझी गोष्ट. मला ती काढायची नव्हती.

त्र्याण्णव साली तू बारावीला होतास, लातूरलाच. भूकंप झाला आणि तुम्ही कॉलेजची पोरं ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं ढिगारे उपसायला गेलात. काय पाहिलंस ते तू मला अजून सांगितलेलं नाहीस, मीही विचारलं नाही. परत आलास आणि वर्गात बसता येईना. डोक्यावर स्लॅब आहे म्हटलं की घाम फुटायचा. सहामाहीच्या पेपरातून उठून तू सरळ मुखेडची, तेव्हाच्या आपल्या गावची, एस्टी धरलीस. अंगणात आलास आणि म्हणालास, "आई, मी नाही जाणार."

तुझे काका, तुझे सर, शाळेतले माझे सहकारी, सगळे म्हणाले, पोराचं वर्ष वाया जाईल, परत पाठवा. तुझ्या बाबांनी कुणाचं ऐकलं नाही. ऑफिसातून येताना एक कॅरम बोर्ड घेऊन आले, अंगणात लिंबाखाली मांडला. वर्षभर तू तिथं बसून कॅरम खेळलास. अंगणातच झोपलास. आम्ही एकदाही अभ्यासाचं विचारलं नाही. पुढच्या जूनमध्ये तूच म्हणालास, पुस्तकं कुठं ठेवलीत? पंच्याण्णवला बारावी दिलीस, विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला लागलास.

ते वर्ष वाया गेलं का, राघवेंद्र?

मृण्मयीला मी हे सांगितलेलं नाही. राजश्रीला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. ते तुझं आहे, सांगायचं तर तू सांग. पण ज्याला आईबापानं अंगणात एक वर्ष बसू दिलं, त्यानं आपल्या पोरीला रंग दिलेल्या काचांच्या खोलीत परत ढकलू नये. एवढं मी तोंडावर म्हणेन, आणि तुझ्या सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणेन.

तुझी आई

नांदेड, २६ नोव्हेंबर, रविवार

चि. राघवेंद्र,

निकालाचा दिवस. जसं घडलं तसं लिहिते.

काल सकाळी खेळ टाकला. टाकायलाच दुपार झाली. मग पडदा काळा झाला, वाऱ्याचा आवाज आला आणि एक डोंगर दिसला. मृण्मयीनं माझा हात धरला. मग ती मुलगी आली, घोडा आला. मृण्मयीनं कळ दाबली.

घोड्यानं एक पाय उचलला आणि तो विचारात पडला. मग दुसरा उचलला. मधेच आठ-दहा पावलं एकदम पुढं जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "असाच असतो का घोडा?" ती म्हणाली, "नाही आजी. सेकंदाला निदान तीस चित्रं दिसायला हवीत. इथं नऊच येतायत."

मग ती कामाला लागली. चित्राचा आकार लहान केला. सावल्या बंद केल्या. गवत काढून टाकलं. पाण्यातली प्रतिबिंबं गेली, लांबची झाडं गेली. दर वेळी थोडं बंद करायची आणि घोडा चालवून बघायची. तुझ्या बाबांच्या जुन्या फायलीही पुसू का म्हणाली. मी म्हटलं, पूस, त्यात पत्त्यांशिवाय काही नसणार. संध्याकाळपर्यंत घोडा चालायला लागला. पळत नव्हता, पण ओढ्याच्या कडेनं सरळ चालत होता. मुलूख उघडाबोडका झाला होता, उन्हाळ्यातल्या मुखेडच्या माळासारखा. तरी ती तासभर चालवत राहिली. मी शेजारी शेंगा सोलत बसले होते. तिचे दोन्ही हात कळांवर होते. कानामागं एकदाही गेले नाहीत. मी लक्ष ठेवून होते.

मग घोडा एका गावात शिरला. बाजार होता, माणसं होती. चित्र गोठलं. पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला आणि मशीन आपोआप बंद पडलं. आज तीनदा करून बघितलं. उजाड माळावर चालतं, गर्दीत शिरलं की तापतं आणि बंद पडतं. बाजूचा पत्रा काढून टेबलफॅन लावला, तरी तेच. मृण्मयी म्हणाली, "आजी, ह्या मशीनला हा गेम झेपत नाही. बाबा बरोबर होता."

तर निकाल असा. तुझं मशीन हा खेळ नीट चालवू शकत नाही. तू जे सांगितलंस ते खरं ठरलं. मी पैज हरले.

आणि पोर मी देत नाही.

पस्तीस वर्षं मी पोरांना फळ्यावर लिहून दिलं की दिलेला शब्द पाळावा. हा शब्द मी मोडते. उघडपणे मोडते, सही करून मोडते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पोरीचं आयुष्य ग्राफिक्स कार्डावर लावायची पैज तू घातलीस तेव्हाच ती चुकीची होती. मी मान्य केली, कारण मला पंधरा दिवस हवे होते. ते मिळाले. लबाडी म्हणायची तर म्हण.

गाडी घेऊन येऊ नकोस. आलास तर फाटकाला कुलूप आहे.

लता रेणुकादास
(आज सही पूर्ण नावानं करते आहे.)

नांदेड, ४ डिसेंबर

चि. राघवेंद्र,

काल तू येऊन गेलास. तू होतास, मग लिहायचं कशाला, असं म्हणशील. पण तू निघालास तेव्हा आपण दोघंही मोठ्यानं बोलत होतो, आणि मोठ्यानं बोललेलं मी धरत नाही. म्हणून जे झालं ते शांतपणे लिहिते.

सकाळी दहाला तू फाटकाशी उभा होतास. "आई, कुलूप काढ," म्हणालास. मी म्हटलं, "कशाला आलास ते आधी सांग." तू म्हणालास, "तिला न्यायला." मी म्हटलं, "मग गाडीतच बस." आणि तू खरंच जाऊन बसलास! बेचाळीस वर्षांचा माणूस, काच वर करून. अमृतराव गच्चीवरून बघत होते. मी तशीच ओसरीवर भाजी निवडत बसले. तू हट्ट सोडेपर्यंत हलणार नव्हते, आणि तू काच खाली करणार नव्हतास. आपल्या दोघांची हाडं एकच आहेत.

कुलूप मी काढलं नाही, हे तू लक्षात ठेव. किल्ली मृण्मयीनं घेतली. मी तिला थांबवलं नाही, पण मला भीती वाटली की पोरगी आता कच खाणार. ती फाटकाशी गेली, तुझ्या काचेवर टकटक केलं आणि म्हणाली, "बाबा, मी येणार नाहीये. पण तू आत ये."

एवढं सरळ वाक्य मला ह्या तीन आठवड्यांत जमलं नाही.

तू आत आलास. सरळ त्या मशीनसमोर जाऊन उभा राहिलास. ती टेबलाखाली वाकून तार लावत होती, आणि वेणी पुढं पडली. मी स्वैपाकघराच्या दारात होते. तू काय पाहिलंस ते मी पाहिलं. पत्रात मी ते लिहिलं होतं, तू वाचलंही असशील, पण वाचणं वेगळं. तू खुर्चीवर बसलास तो बसलासच. पाणी आणून ठेवलं, ते प्यायला नाहीस.

मग तू विचारलंस, "किती वेळ चालतं?"

ती म्हणाली, "गरम होईपर्यंत."

"मग?"

"मग बंद करायचं. थंड झालं की परत."

"आणि पळत नाही?"

"नाही. चालतो."

तू पत्रा काढलास. प्रोसेसरवरचा पंखा सोडवलास, म्हणालास ह्याच्या खालची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून गेलीय. ती म्हणाली, टूथपेस्ट चालेल का, आणि तू हसलास. त्या हसण्यात मला मुखेडच्या अंगणातला तू दिसलास. मी आत वळले, कारण माझी कढी उतू जात होती. कढीमुळेच वळले, असं समज.

आतून मला ऐकू येत होतं. तू तिला किल्लारीचं सांगत होतास. मला जे चोवीस वर्षांत सांगितलं नाहीस ते तिला सांगितलंस. एका घराच्या दाराची कडी तुझ्या हातात आली होती आणि मागं दार नव्हतं, ते. मी ऐकायला नको होतं, पण भांडी वाजवून मधे येणं मला बरं वाटलं नाही. शेवटी ती म्हणाली, "मग बाबा, तू मला का पाठवलंस?" तू पेचकस खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणालास, "मला वाटलं तू माझ्यापेक्षा मजबूत आहेस."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. इथंच तू थांबायला हवं होतंस. पण पानं घ्यायची वेळ आली आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "आई, ठीक आहे. डिसेंबर राहू दे. जानेवारीत परत पाठवू. फॉर्म भरलाय, निदान बोर्डाची परीक्षा तरी." मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "तू तिचं नुकसान करते आहेस." मी म्हटलं, "करतेय. तुझंही केलं होतं." त्यावर तू गाडीची किल्ली उचललीस.

माझं नाही हे नाहीच आहे. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत नाही. बारावी ती पुढच्या वर्षी देईल, आणि तेव्हा तिला वाटलं तर. डॉक्टर व्हायचं की घोडे चालवायचे की आणखी काही, ते ती ठरवेल. तू क्लासवाल्यांना कळव, नाहीतर मी कळवते. सुकन्याचा पत्ता मी आणलाय. तिला दर महिन्याला मृण्मयी पत्र लिहिणार आहे, त्या खोलीत मोबाइल नाही म्हणून.

आज दुपारी मृण्मयीनं पेपर उचलला आणि एक बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. विष्णुपुरी धरणातून कालव्याला पाणी सोडल्याची होती. दोनदा अडखळली. मी मान वर केली नाही, शिवत राहिले.

राजश्रीचा फोन येऊन गेला. तुला विचारून केला होता की न विचारता, ते मी विचारलं नाही. शनिवारी येते म्हणाली, एकटी. तिच्यासाठी फाटक उघडं आहे.

पोरीला न्यायला आलास आणि रिकामी गाडी घेऊन गेलास. मला त्याचं वाईट वाटत नाही, वाटणारही नाही. वाईट एवढ्याचंच वाटलं की पान वाढलेलं होतं आणि तू उठून गेलास. पुढच्या वेळी भांडायला आलास तरी चालेल, पण जेवून जा.

तुझी आई